तडा बोल्टाच्या भोकापासून का निघाला? इंदिरानगरच्या एका फ्लॅटमधलं फ्लशच्या टाकीचं प्रकरण

नाशिकच्या इंदिरानगरमधली चार मजली इमारत, वय साधारण वीस वर्षं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, राहणारं जोडपं साठीच्या पुढचं. पाणी गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतून, लाइन जुनी जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपची. संडासात कमोडच्याच पाठीवर बसणारी चिनी मातीची टाकी, म्हणजे दुकानदार ज्याला ‘कपल्ड सेट’ म्हणतात तो.

तक्रार चार महिन्यांची होती. रोज सकाळी कमोडच्या मागे, डाव्या अंगाला, तळहाताएवढं पाणी. पहिल्या प्लंबरने टाकीखालचे दोन्ही बोल्ट आवळले. पंधरा दिवस कोरडं राहिलं, मग पुन्हा पाणी. त्याने पुन्हा आवळले. या वेळी चारच दिवस निभावलं. तिसऱ्या खेपेला दुसरा माणूस आला, त्याने टाकी आणि कमोड यांच्या फटीत व्हाइट सिमेंट भरलं. त्यानंतर आठवड्याभरात खालच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या छताला पिवळा डाग उमटला आणि प्रकरण सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत गेलं. (गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-मोरीतून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च त्या-त्या सदनिकाधारकावर पडतो, गच्चीतून गळलं तर तो संस्थेचा. त्यामुळे पाणी नेमकं कुठलं, हा प्रश्न पैशाचाही असतो.)

मग काम आमच्याकडे आलं. टाकीच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरून पाहिल्यावर तडा सापडला. डाव्या बोल्टाच्या भोकापासून निघून मागच्या भिंतीवर वर चढत गेलेला, ९ सेंटीमीटरचा.

इथे बहुतेक लोक थांबतात: तडा सापडला, टाकी बदला. टाकी बदलायचीच होती, पण तडा का गेला ते न बघता बदलली असती तर नवी टाकीही वर्षभरात त्याच जागी फुटली असती.

आधी पाणी कुठलं ते ठरवलं

तडा दिसतोय म्हणून गळती तिथूनच, असं धरून चालत नाही. या टाकीखाली पाणी यायच्या सहा जागा आहेत. कनेक्शन पाईपचा वरचा नट, इनलेट व्हॉल्व्हचा (पाणी आत घेणारा, म्हणजेच बॉल कॉक) चेक नट, मधल्या मोठ्या कपलिंगचा (टाकी-कमोडचा जोड) जाड रबर, दोन बोल्ट, टाकीला गेलेला तडा, आणि कमोड फरशीला जिथे बसतं तो सांधा. सातवी जागा पावसाळ्यातली: हवा दमट असताना गार पाण्याने भरलेल्या टाकीला बाहेरून घाम येतो, तो ओघळून खाली जमतो आणि लोक गळती समजतात.

परीक्षा घरगुतीच आहे. अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीतला छोटा नळ) बंद करायचा, टाकी बाहेरून आणि खालून फडक्याने पूर्ण कोरडी करायची. टाकीतल्या पाण्यात कपड्यांना घालतात त्या निळीचे आठ-दहा थेंब टाकायचे. प्रत्येक नटाखाली, बोल्टाखाली आणि तड्यावर टिश्यू पेपरचा वेगळा तुकडा लावायचा आणि वीस मिनिटं फ्लशला हात लावायचा नाही. मग कॉक उघडून एकदा फ्लश करून पुन्हा बघायचं; कपलिंगचा रबर फ्लशच्या वेळीच गळतो आणि कनेक्शन पाईप कॉक उघडा असताना. निळा झालेला तुकडा चोर दाखवतो. ओला झाला पण पांढराच राहिला तर तो घाम, किंवा कनेक्शन पाईपमधलं पाणी. ते टाकीत शिरण्याआधीच गळत असल्याने त्याला रंग लागत नाही. फ्लश न करताच कमोडच्या भांड्यातलं पाणी निळं झालं तर फ्लश व्हॉल्व्हचा (टाकीतलं पाणी भांड्यात सोडणारा) रबर बसत नाहीये, तो वेगळा आजार आहे.

इथे निळे तुकडे दोन निघाले: तड्यावरचा आणि डाव्या बोल्टाखालचा. बाकी सगळे कोरडे. म्हणजे व्हाइट सिमेंट ज्या फटीत भरलं होतं तिथून थेंबही येत नव्हता.

मग गळती मोजली. टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारली, कॉक बंदच ठेवला, तासाभराने पाहिलं. पाणी ३.५ सेंटीमीटर उतरलं होतं. टाकीची आतली मापं ३६ बाय १६ सेंटीमीटर, म्हणजे एक सेंटीमीटर पातळी = ५७६ मिलिलिटर. तासाला साधारण २ लिटर, दिवसाला ४८. कॉक उघडा असताना बॉल कॉक तेवढं पाणी गुपचूप भरत राहतो, म्हणून टाकी कधी रिकामी दिसत नाही आणि घरच्यांना ‘थोडंसंच पाझरतंय’ असं वाटत राहतं. फरशीवर दिसत होतं ते त्यातलं उरलंसुरलं. बरचसं कमोडच्या मागच्या सांध्यातून फरशीखाली जात होतं.

याच चाचणीचा आणखी एक उपयोग आहे. तडा मधेच कुठे असेल तर पाणी त्याच्या खालच्या टोकापर्यंत उतरून थांबतं. पातळी कुठे थांबते ते बघितलं की तड्याचं खालचं टोक कळतं, टाकीमागे मान घालायची गरज नाही. इथे पाणी थांबलंच नाही, कारण तडा तळापासूनच निघाला होता.

रेघ की तडा

चिनी मातीच्या भांड्यावर जुनेपणी केसासारख्या जाळीदार रेघा येतात. त्या वरच्या चकाकीच्या थराला पडलेल्या असतात, भांड्याच्या अंगाला नाही. नखाने घासलं तर नख अडत नाही, आणि निळीचा रंग बाहेर येत नाही. त्यांना काही करायचं नसतं.

तडा असेल तर नख अडतं. आणि आवाज बदलतो. बाजारात मडकं घेताना वाजवून बघतात तसं बोटाच्या पेराने टाकीवर ठोकायचं. उजवी बाजू खणखणीत वाजली, डावी बाजू भद्द. एवढं पुरे होतं. तरीही तड्याच्या वरच्या टोकाला पेन्सिलीची आडवी खूण करून शेजारी तारीख टाकली. नवी टाकी शोधायला आठ दिवस गेले, तेवढ्यात तडा ९ वरून १०.५ सेंटीमीटरवर गेला, आणि या आठ दिवसांत कुणी पाना लावला नव्हता. चिनी मातीचा स्वभाव असा आहे की ताण कायम असेल आणि टोकाशी ओल असेल, तर तडा आपोआप हळूहळू सरकत राहतो.

चिकटवून भागलं नसतं का?

घरातल्या काकांचा पहिला प्रश्न हाच होता: “एम-सील लावून चार-सहा महिने काढता येणार नाहीत का?”

काढता येतात, पण कुठे तडा आहे त्यावर. झाकणाला किंवा पाण्याच्या रेषेच्या वर गेलेला तडा असेल तर इपॉक्सीने जोडून वर्षानुवर्षं चालतं. तिथे ना पाणी, ना वजन. पाण्याच्या रेषेखाली पण बोल्टांपासून दूर, एखादी वस्तू आदळून पडलेली लहान चीर असेल तर टाकी उतरवून, दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवून, आतून इपॉक्सी लावून तात्पुरतं निभावता येतं. वाळवणं हाच त्यातला कठीण भाग आहे. तड्याच्या आत पाणी केशनलीसारखं धरून राहतं, पृष्ठभाग कोरडा दिसतो आणि लेप ओल्यावर बसतो. महिन्याभरात तो पापडासारखा सुटतो. व्हाइट सिमेंट तर या कामाला नाहीच. सुकताना आकसतं आणि पाण्यात झिजतं.

बोल्टाच्या भोकापासून निघालेला तडा मात्र चिकटवण्याच्या लायकीचा नसतो. सगळी टाकी त्या दोन भोकांवर ओढून धरलेली असते. ही टाकी रिकामी ११ किलोची, वर पाणी साधारण १० किलो, आणि घरातली वडीलधारी माणसं मागे टेकून बसतात ते वजन वेगळं. लेप कडक झाला तरी ओढ त्याच जागी असते.

आणि मोडली तर काय? टाकीतलं पाणी सांडून प्रश्न संपत नाही. टाकी फुटली की बॉल कॉकचा गोळा खाली लोंबतो आणि पाणी पूर्ण उघडं राहतं. या घरात अँगल कॉक उघडून बादली भरून मोजलं तेव्हा मिनिटाला ८ लिटर येत होतं. म्हणजे घरी कुणी नसताना गच्चीवरची हजार लिटरची टाकी सव्वादोन तासांच्या आत बाथरूममधून खालच्या फ्लॅटमध्ये. म्हणून त्या दिवसापासून नवी टाकी बसेपर्यंत अँगल कॉक बंद, आणि फ्लशला बादली. बादलीने ओतताना पाच-सहा लिटर एकदम, थोड्या उंचीवरून ओतावं. मगामगाने ओतलेलं पाणी भांड्यातली घाण पुढे ढकलत नाही.

प्लास्टिकच्या भिंतीवर टांगायच्या टाकीचा हिशोब याहून सोपा आहे. नाशिकच्याच सिडको भागातल्या जुन्या घरांत अजून त्याच दिसतात. त्या बहुधा पाणी आत येण्याच्या भोकाशी चिरतात, कारण कनेक्शनचा नट पाइप पान्याने आवळलेला असतो. अशा टाक्यांच्या प्लास्टिकला गोंद धड धरत नाही. दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवी टांगावी. जुन्या आणि नव्या टाकीच्या स्क्रूंमधलं अंतर आणि फ्लश पाईपची जाडी जुळली की तासाभराचं काम.

मूळ दुखणं: टाइल्सवर टाइल्स

दोन वर्षांपूर्वी बाथरूमचं नूतनीकरण झालं होतं. जुन्या टाइल्स फोडायचा धुरळा नको म्हणून त्यांच्यावरच नव्या चिकटवल्या. टाइल ८ मिलिमीटर, खालचा अ‍ॅढेसिव्ह ४ मिलिमीटर; भिंत १२ मिलिमीटर पुढे आली. कमोड मात्र जिथे होतं तिथेच, कारण फरशीतला मैल्याचा पाईप हलत नाही.

आता मोजमाप. कमोडवरच्या बोल्टाच्या भोकांच्या मध्यापासून नव्या टाइलपर्यंत अंतर भरलं ९० मिलिमीटर. टाकीच्या तळात भोकाच्या मध्यापासून पाठीपर्यंत ९२. दोन मिलिमीटर टाकी जास्त. टाइल्सआधी हेच अंतर १०२ होतं आणि मागे बोटभर फट राहत असे.

बसवणाऱ्या मिस्त्रीने काय केलं असेल ते टाकी उतरवल्यावर दिसलं. भोकं बोल्टापेक्षा थोडी मोठी असतात. त्या सैलपणात टाकी पुढे सरकवून, पाठीची वरची कड टाइलला टेकवून, बोल्ट आवळून बसवली होती. टाकी पुढच्या कडेवर उभी आणि मागून भिंतीचा रेटा. बोल्ट खाली ओढणार, भिंत पुढे ढकलणार, आणि या दोघांच्या मध्ये चिनी माती वाकवली जाणार. दाब कितीही सोसेल पण वाक आणि ओढ अजिबात सोसणार नाही, असा हा माल आहे.

त्यात डाव्या बोल्टाच्या डोक्याखाली रबराचा वायसर कडक होऊन चिरलेला. पहिली गळती तिथली होती, तड्याची नव्हे. दहा-वीस रुपयांचा वायसर बदलायचा सोडून बोल्ट आवळला; कडक रबर थोडा दबला, पंधरा दिवस पाणी थांबलं. पुन्हा आवळला तेव्हा रबर संपला आणि लोखंडी वायसर थेट चिनी मातीला भिडला. तडा तिथून सुरू झाला. भोकाच्या कडेला अर्धवर्तुळाकार ठसा उमटलेला होता, तो हाच.

बोल्ट गंजलेलेही होते. संडासात घासायला वापरतात त्या अ‍ॅसिडची वाफ साधं लोखंड खाते; टाकीखालचा भाग तर कायम दमट. रबरही त्याच वाफेने कडक होतो.

नवी टाकी निवडताना

जुन्या मॉडेलची सुटी टाकी मिळाली नाही. कंपन्या मॉडेल बदलतात, आणि टाकी बहुधा सेटनेच विकतात. जुन्या सामानवाल्यांकडे कधी कधी जोडीची टाकी मिळून जाते, पण तिथे मिळालेल्या टाकीचं आयुष्य आधी कुणी कसं काढलंय ते कळत नाही. या घरासाठी तो रस्ता सोडला.

दुसऱ्या मालिकेची टाकी जुन्या कमोडवर बसेल का, हे चार मापांवर ठरतं. दुकानात जाताना कागदावर ही मापं नेली नाहीत तर दोन फेऱ्या नक्की. एक, दोन बोल्टांच्या भोकांच्या मध्यांतलं अंतर. दोन, भोकाच्या मध्यापासून टाकीच्या पाठीपर्यंत अंतर. हे माप सहसा कुणी घेत नाही आणि या प्रकरणात तेच निर्णायक ठरलं. तीन, कमोडवरच्या मोठ्या भोकाचा व्यास, कारण कपलिंगचा रबर त्यात बसायचा असतो. चार, पाणी आत येण्याचं भोक डावीकडे, उजवीकडे की तळात, आणि अँगल कॉकपासून किती लांब. कनेक्शनचं माप नेहमीचंच, अर्धा इंच.

तिसऱ्या दुकानात टाकी मिळाली. बोल्टांतलं अंतर तेच, आणि भोकापासून पाठीपर्यंत ७८ मिलिमीटर. म्हणजे भिंतीपासून १२ मिलिमीटर फट राहणार. घेण्याआधी दुकानातच चारही बाजूंनी ठोकून वाजवून घेतली, तळातल्या भोकांच्या कडा बोटाने चाचपल्या. कोपरा उडालेली किंवा भोकाच्या कडेला कपरा निघालेली टाकी सवलतीत मिळाली तरी घेऊ नये.

एक अडचण उरत होती. जुनी टाकी १० लिटरची, नवी दोन बटणांची, ६ आणि ३ लिटरची. जुन्या कमोडचं भांडं जास्त पाण्याच्या हिशोबाने घडवलेलं असतं, त्याला ६ लिटर पुरतीलच असं नाही. याची परीक्षा खरेदीआधी घेता येते: तडकलेल्या टाकीतही पाच मिनिटं पाणी टिकतं. कॉक बंद ठेवून, टाकी रिकामी करून, बादलीने मोजून ६ लिटर ओतले, भांड्यात टिश्यूचे दहा-बारा बोळे टाकले आणि लगेच फ्लश केला. सगळं गेलं. दोन बोळे मागे राहिले असते तर टाकीचा नाद सोडून पूर्ण सेट घ्यावा लागला असता.

पूर्ण सेट घेणाऱ्यांसाठी इतकंच की फरशीतल्या पाईपच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर आजच्या, म्हणजे नव्या टाइलच्या पृष्ठभागापासून मोजावं. जुन्या बिलावर लिहिलेलं माप टाइल्सवर टाइल्स लागल्यावर खोटं झालेलं असतं. आणि कपल्ड कमोडवर भिंतीची प्लास्टिकची टाकी जोडायचा उद्योग करू नये. पाणी आत घेण्याची दोघांची तोंडंच वेगळी असतात.

उतरवणं

सामान: १८ इंचाचा कनेक्शन पाईप, रबर आणि पितळी वायसरांसह पितळी बोल्टांची जोडी, नवा अँगल कॉक, टेफ्लॉन टेप, हॅक्सॉ ब्लेड, स्लायडिंग पाना, स्पंज, जाड हातमोजे, रुंद पॅकिंग टेप, एक जुनी गोधडी. टाकी आणि आतला सेट सोडला तर साध्या बोल्ट-वायसर-टेपला फार पैसे लागत नाहीत. महाग पडतो तो कॉक.

पहिलं काम बाथरूममध्ये नाही, गच्चीवर. या फ्लॅटच्या लाइनचा व्हॉल्व्ह शोधून बंद केला. अँगल कॉक वर्षानुवर्षं फिरवलेला नसतो. बोअरचं पाणी मिसळणाऱ्या इमारतींत त्याच्या दांड्यावर क्षार धरलेला असतो, आणि ऐन वेळी जोर लावला की तो बुडातून तुटतो. इथेही कॉक जड फिरत होता. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर नवा कॉक लावला: जीआयच्या आट्यांतला गंज तारेच्या ब्रशने काढून, कॉकच्या आट्यांवर टेफ्लॉनचे दहा-बारा वेढे आवळण्याच्या दिशेने गुंडाळून. नव्या घरांत सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकची लाइन असते, तिथे हात आणखी हलका ठेवावा. भिंतीच्या आतला एल्बो चिरला तर टाइल फोडण्यावाचून इलाज नसतो.

झाकण आधी काढून गोधडीवर आडवं ठेवलं. भिंतीला टेकवून उभं केलेलं झाकण हमखास घसरतं. फ्लश करून उरलेलं पाणी स्पंजने टिपलं. मग तड्यावरून आडव्या-उभ्या पट्ट्या मारून टाकीभोवती पॅकिंग टेपचे चार-पाच वेढे दिले. तडकलेली टाकी उचलताना दोन तुकडे झाली तर कड सुरीसारखी लागते. टेप आणि हातमोजे त्यासाठीच.

बोल्ट फिरले नाहीत. गंज सुटायचा फवारा मारून वीस मिनिटं थांबूनही नाहीत. कमोडच्या वरच्या पृष्ठभागाला इजा होऊ नये म्हणून तिथे जाड पुठ्ठा सरकवला, हॅक्सॉ ब्लेडच्या एका टोकाला फडकं गुंडाळून टाकी आणि कमोड यांच्या फटीतून बोल्ट कापले. त्याआधी व्हाइट सिमेंट खरवडावं लागलं, त्यातच अर्धा तास गेला. हातोडी-छिन्नी लावायचा मोह इथे होतो, आणि इथेच चांगलं कमोड फुटतं.

दोघांनी मिळून टाकी सरळ वर उचलली. कमोडच्या मोठ्या भोकात लगेच फडक्याचा बोळा कोंबला, नाहीतर जुना नट आत पडतो आणि दुसऱ्या दिवशी भांडं तुंबतं. मग कमोडवर लेव्हल (सरळपणा दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) ठेवून पाहिली. दोन्ही दिशांना सरळ होती. ते डुलत असतं तर टाकीचं काम थांबवून आधी कमोड पक्कं करावं लागलं असतं.

बसवणं

नवी टाकी गोधडीवर पालथी. फ्लश व्हॉल्व्हचा रबर आतल्या बाजूला, मोठा चेक नट बाहेरून. हाताने आवळून वर पाव फेरा. त्यावर कपलिंगचा जाड रबर दाबून बसवला. इनलेट व्हॉल्व्हचं तसंच: शंकूसारखा रबर आत, प्लास्टिकचा नट बाहेर. या प्लास्टिकच्या नटाला पाइप पाना कधीच लावू नये.

बोल्टांचा क्रम असा: टाकीच्या आतून बोल्टाचं डोकं, पितळी वायसर, रबरी वायसर, मग टाकीचा तळ. खालून कमोड, त्याखाली रबरी वायसर, पितळी वायसर, नट. धातू चिनी मातीला कुठेही लागता कामा नये, वर नाही आणि खालीही नाही. रबराच्या सोबतीला सिलिकॉन किंवा सिमेंट काहीही घातलं नाही. रबर चांगला असेल तर त्याची गरज नसते, आणि पुढच्या वेळी उघडणाऱ्याला ते कापत बसावं लागतं.

बोळा काढून टाकी सरळ खाली टेकवली. नट हाताने लागतील तेवढे लावले, मग पान्याने डावा अर्धा फेरा, उजवा अर्धा फेरा, असं आलटून पालटून. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे वळणं म्हणजे नवा तडा आपल्या हाताने देणं. प्रत्येक दोन फेऱ्यांनी टाकीवर लेव्हल बघितली. टाकी कमोडवर समान टेकली आणि हाताने हलवल्यावर जेमतेम डुलली, तिथे थांबलं. तेवढा डोल रबराचा असतो. तो घालवायला गेलं की बोल्ट जास्त आवळला जातो. शेवटी घडी केलेलं वर्तमानपत्र टाकीच्या मागून वरपासून खालपर्यंत फिरवून पाहिलं. कुठेही अडलं नाही.

कनेक्शन पाईपच्या नटांत रबर असतो, तिथे टेफ्लॉन लागत नाही. जुना १२ इंचाचा पाईप ताणून लावलेला होता, म्हणून १८ इंचाचा घेतला. सैल वळण राहिलं की नटावर ओढ येत नाही.

पाईप टाकीला जोडण्याआधी कॉक उघडून बादलीभर पाणी सोडून दिलं. जीआयच्या लाइनवर हात पडला की आतला गंज सुटतो, आणि पावसाळ्यात नदीला गाळ आला की तोही लाइनमध्ये बसलेला असतो. पहिली बादली चहाच्या रंगाची निघाली. हे पाणी इनलेट व्हॉल्व्हमध्ये गेलं असतं तर त्याची बारीक जाळी पहिल्याच दिवशी तुंबली असती, आणि ‘नवा माल खराब निघाला’ म्हणून दुकानदाराशी वाद झाला असता.

इनलेट व्हॉल्व्ह निवडतानाही मजला बघावा. इथे गच्चीवरच्या टाकीपासून उंची सहा-सात मीटर, म्हणजे दाब साधारण ०.६ ते ०.७ बार, नेहमीचा व्हॉल्व्ह नीट चालतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर जेमतेम तीन मीटर मिळतात, तिथे कमी दाबावर चालणारा मागून घ्यावा. नाहीतर टाकी भरायला दहा मिनिटं लागतात.

पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या (जास्तीचं पाणी भांड्यात सोडणारी नळी) तोंडाखाली २० मिलिमीटरवर लावली. पूर्ण फ्लश पाच वेळा, अर्धा पाच वेळा. ३ लिटरचा अर्धा फ्लश लघवीपुरता ठीक चालला. जुन्या भांड्याकडून त्याहून जास्त अपेक्षा नव्हतीच. नीळ, टिश्यू, तासभर. सगळे तुकडे पांढरे आणि कोरडे. रात्री टाकीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं, सकाळी शाई फुटलेली नव्हती. एकूण काम अडीच तासांचं.

काकूंनी शेवटी विचारलं, “दादा, ते निळ्या गोळ्यांचं पाकीट आहे, टाकीत टाकू का?” टाकीत काहीच टाकू नये. क्लोरीनच्या गोळ्या फ्लश व्हॉल्व्हचा रबर वर्षभरात खातात. भांड्यात अ‍ॅसिड वापरायचंच तर थोडं, खिडकी उघडी ठेवून, आणि टाकीखाली शिंतोडे न उडू देता.

खालच्या फ्लॅटचा डाग लगेच गेला नाही. फरशीखाली चार महिने पाणी मुरलेलं, ते उतरायला वेळ लागतो. शेजाऱ्यांना डागाभोवती पेन्सिलीने रेघ आखून तारीख टाकायला सांगितलं. तीन आठवडे डाग रेघेच्या बाहेर गेला नाही, मग आतून फिका होत गेला. रंग त्यानंतर, हाताला छत पूर्ण कोरडं लागल्यावर.

याच घरात आणखी एक संडास आहे, बेडरूमला लागून. तिथेही दोन वर्षांपूर्वी त्याच मिस्त्रीने टाइल्सवर टाइल्स लावल्या होत्या, सेटही तोच. टाकीच्या मागून वर्तमानपत्र सरकवलं तेव्हा ते वरच्या कडेशी अडलं. तडा नव्हता, आवाज दोन्हीकडून खणखणीत होता. दोन्ही बोल्ट काढून टाकी उतरवली, तिच्या मागची एक टाइल टाकीच्या रुंदीएवढी ग्राइंडरने कापून काढली, आणि रबरी वायसर नवे घालून टाकी हलक्या हाताने बसवली. कापलेली जागा टाकीआड जाते, दिसत नाही.